पितळेची दहावी पाटी

आमच्या भावोजींना मासे पकडता येत नाहीत. हे मी गेली नऊ वर्षं सांगतोय, फुकट सांगतोय, आणि केस कापता कापता सांगतोय, म्हणजे ऐकणाऱ्याला उठूनही जाता येत नाही. माझं सलून धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. तीन खुर्च्या, तीन आरसे. मधल्या खुर्चीत जो बसला त्याला भावोजींची एक तरी गोष्ट ऐकवल्याशिवाय मी सोडलेलं नाही. काही जण तर केस वाढले नसले तरी यायचे आणि म्हणायचे, दाढी कर आणि भावोजींचं नवीन काय ते सांग.

भावोजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. धंदा पाट्या कोरण्याचा. माझ्यापासून चार दुकानं सोडून त्यांचं दुकान आहे, रुंदी एवढी की आत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने बाहेर जावं. कोरायचं यंत्र आजोबांच्या काळातलं. एका बाजूला मोठी अक्षरं मांडायची, त्यांच्यावरून एक टोक फिरवायचं, की दुसऱ्या बाजूला तीच अक्षरं लहान होऊन पितळेत उतरतात. एकतीस वर्षं हा माणूस एवढंच करतोय. डॉक्टरांच्या पाट्या, वकिलांच्या पाट्या, शर्यतीचे कप, बागेतल्या बाकावर कोण कुणाच्या आठवणीत बसलंय त्याची पाटी, कुत्र्याच्या गळ्यातला बिल्ला. अख्ख्या गावाची नावं यांच्या हाताखालून गेली. आणि यांच्या स्वतःच्या दुकानावर नाव कुणाचं? आधीच्या मालकाचं! तो जाऊन वीस वर्षं झाली, वरची फळी तीच. "बदलू की सावकाश, अक्षरं अजून चांगली आहेत," म्हणतात. नवी गिऱ्हाइकं यांना त्या मेलेल्या माणसाच्या नावाने हाक मारतात आणि हे खुशाल ओ देतात. घराच्या दारावरची पाटी त्यांच्या वडिलांची. ताई याला साधेपणा म्हणते. मी बावळटपणा म्हणतो.

तर असा हा माणूस वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी एक पिवळी कयाक घेऊन घरी आला. प्लॅस्टिकची वल्हवायची होडी, अकरा फुटी, एका माणसाला बसायला एक खड्डा. ताईची कपडे वाळत घालायची जागा गेली ती गेलीच. मग काठ्या आल्या, रिळं आली, मानेवर पडदा असलेली टोपी आली, बोटं कापलेले हातमोजे आले. आणि आल्या त्या गळाला लावायच्या रबरी मासोळ्या. डब्यांत रंगावार लावलेल्या. गुलाबी, शेवाळी, एक तर जांभळी, वर चमकी लावलेली. मी विचारलं, "भावोजी, अशी जांभळी चमकीवाली मासोळी समुद्रात कधी कुणी पाहिलीय का?" तर म्हणाले, "गढूळ पाण्यात उठून दिसते रे." आता यावर माणसाने काय बोलावं? मी बोललो अर्थात, पण त्यांच्याशी नाही, मधल्या खुर्चीशी.

आणखी एक खोड म्हणजे सगळं बांधून ठेवायचं. काठी दोरीने बांधलेली, वल्हं बांधलेलं, पक्कड बांधलेली, जाळी, डबा, टोपी, चष्मा, सगळ्याला वेटोळ्याची दोरी. पाण्यात जे बांधलं नाही ते गेलं म्हणून समज, हा त्यांचा एकुलता एक उपदेश. कयाकमध्ये बसले की वाळत घातलेल्या कपड्यांत माणूस अडकलाय असं दिसतं.

पण खरी गंमत पुढेच आहे. धक्क्यावर गळवाल्याचं दुकान आहे. गळ, दोऱ्या, रिळं विकतो म्हणून गळवाला. त्याच्या भिंतीवर एक लाकडी फळा आहे, आणि त्यावर पितळेच्या दहा पाट्यांची जागा. दर वर्षी एक पाटी. खाडीत कयाकमधून, नकली मासोळीवर, सगळ्यांत लांब चपटा जो धरेल त्याचं नाव आणि माशाची लांबी. चपटा म्हणजे तोच, वाळूत पोट टेकून पडलेला, डोकं कुणी तरी वहाणेने ठेचल्यासारखं. नियमही आहेत, जसं काही राज्य वाटायचंय! मासा मोजपट्टीच्या चटईवर, तोंड फळीला टेकलेलं. शेजारच्या कयाकमध्ये एक साक्षीदार. फोटो साक्षीदारानेच काढायचा. आणि मासा जिवंत सोडायचा. वर्षाच्या शेवटच्या सोमवारी संध्याकाळी सहाला यादी बंद.

नऊ वर्षांत नऊ पाट्या लागल्या. त्यातल्या चार दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या. बाई उंच, हात लांब, आणि मासा असा धरतात की त्याची दाढ काढायची आहे. बाकीच्या पाच पाट्या याच्या त्याच्या. आणि या नऊच्या नऊ पाट्या कोरल्या कुणी? आमच्या भावोजींनी. दर वर्षी हरायचं, दुकानात यायचं, चष्मा पुसायचा आणि जिंकणाऱ्याचं नाव सुबक अक्षरांत कोरून द्यायचं. दोनदा त्यांचा दुसरा नंबर आला होता. तेव्हा यादीत माणसं पाचच होती, हेही गावाला मीच सांगितलं.

यंदा दहावी पाटी. शेवटची. गळवाला आता दुकान जावयाला देणार आणि जावई तिथे मोबाइल विकणार. फळा भरला की खेळ संपला.

शेवटच्या सोमवारच्या आधीचा शनिवार. मी भावोजींच्या दुकानात कात्रीचा स्क्रू मागायला गेलो. ते मागे हात धुवत होते. यंत्राशेजारी कापडात काही तरी गुंडाळलेलं होतं. मी उघडलं. उघडणार नाही तर काय! पितळेची पाटी, फळ्यावरच्याच मापाची, एका कोपऱ्याला जराशी खोच पडलेली. तिच्यावर भावोजींचं नाव. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, एवढ्या देखण्या अक्षरांत की तसं त्यांनी कुठल्या डॉक्टरलाही कोरून दिलं नसेल. खाली लांबीची जागा कोरी. मी जसं होतं तसं गुंडाळून ठेवलं, स्क्रू घेतला आणि बाहेर येऊन पोट धरून हसलो.

रविवारी सलून भरलेलं असतं. मी सोळा डोकी कापली आणि सोळा जणांना सांगितलं. बाजारात तुरी म्हणतात ना, तशी पाटी तयार आहे, मासा जन्माला यायचाय! चौदावं डोकं खुद्द गळवाल्याचं होतं. हसता हसता त्याच्या मानेवर वस्तरा लागता लागता राहिला.

त्याच संध्याकाळी ताईने बोलावलं. ती इस्त्री करत होती. मी समोर खुर्चीवर बसलो.

"उद्या सोमवार, तुझं सलून बंद. त्यांच्याबरोबर जायचं."

"कुठे?"

"पाण्यात. दर वर्षी औषधवाला जातो, पण त्याची कंबर धरलीय, तो येऊ शकत नाही. साक्षीदार लागतो. त्याची कयाक देतोय तो."

"ताई, मी? अगं, मला टबात बसवलं तरी चक्कर येते."

"येऊ दे."

"दुसरा कुणी नाही का मिळाला?"

"नाही मिळाला. विचारलं त्यांनी दोघातिघांना. सगळे हसले." तिने इस्त्री आडवी न ठेवता उभी ठेवली. ती चिडली की तसं करते. "का हसले ते तुला माहीत असेल. तू त्यांना पाण्यात पाहतोस, हे मला आज कळलेलं नाही."

"मी गंमत करतो गं. त्यांनाही चालते."

"त्यांना चालते ते त्यांचं झालं. मला नाही चालत." मग आवाज खाली आणून म्हणाली, "एकतीस वर्षं लोकांची नावं कोरली रे त्यांनी. एकदा, एका ठिकाणी, स्वतःचं लागावं असं वाटतं माणसाला. ही शेवटची आहे. एवढं कर."

मी केलं. हौस म्हणून नाही. ताईसमोर मी आठवीतच अडकलेलो आहे, म्हणून.

सोमवारी दुपारी एक वाजता आम्ही धक्क्याशेजारच्या उतारावरून कयाक पाण्यात ढकलल्या. ओहोटी लागली होती. डॉक्टरीणबाई उतारावर उभ्याच होत्या. त्यांचा मासा यंदा एकाहत्तर सेंटिमीटरचा, यादीत पहिला, त्यामुळे त्या नुसत्या हवा खायला आल्या होत्या. मला लाइफ जॅकेटात बघून म्हणाल्या, "अरे वा! आज साक्षीदार तगडा आहे."

तगडा साक्षीदार पहिली दहा मिनिटं जागच्या जागी गोल फिरला. डावीकडे मारलं की उजवीकडे, उजवीकडे मारलं की परत धक्क्याकडे. भावोजी पुढे जाऊन थांबायचे, वळून बघायचे, ओरडायचे नाहीत. मला त्यांची हीच गोष्ट सहन होत नाही. माणसाने ओरडावं. ओरडलं की उलट ओरडता येतं.

खाडी आतून अगदी शांत होती. बाहेरच्या लाटा वाळूच्या पट्ट्यापलीकडेच थांबतात, आत नुसतं हिरवट पाणी, कडेला शिंपले चिकटलेले खडक, आणि वर सूर्य. आम्ही एका खडकांच्या रांगेशी थांबलो आणि मग सुरू झालं ते. भावोजी रबरी मासोळी फेकायचे. ती तळाला जायची. मग काठीला दोन हलके झटके, परत खाली सोडायची, थांबायचं. उचल, उचल, सोड, थांब. उचल, उचल, सोड, थांब. मी मोजलं, एका तासात एकशे चाळीस वेळा. एवढ्या वेळात मी चार दाढ्या आणि दोन कटिंग करतो, आणि समोर काही तरी दिसतं तरी.

"भावोजी, मासा हसत असेल खाली."

"हसू दे. तोंड उघडलं तर पाहिजेच आहे आपल्याला."

हा त्यांचा विनोद. वर्षातून एक करतात.

दोनदा गळ खडकाला अडकला. एकदा जांभळी चमकीवाली गेली. मला वाटलं चला, एक तरी गेली, तर डब्यातून दुसरी जांभळी निघाली. अडीच वाजता एक चपटा लागला, हातभरही नाही. भावोजींनी ओल्या हातमोज्याने धरला, पक्कडीने गळ काढला आणि पाण्यात सोडताना "चुकलं रे बाबा, जा" म्हणाले. माशाला! बायकोला हा माणूस कधी चुकलं म्हणाला असेल का, मला शंका आहे. नंतर आठवलं, ताईलाही म्हणतात. दिवसातून दोनदा म्हणतात.

चार वाजले. बिस्किटांचा पुडा मी एकट्याने संपवला होता. बूड ओलं, मान भाजलेली, पाणी इतकं उतरलेलं की ठिकठिकाणी वाळूचे उंचवटे वर यायला लागले होते. मी म्हटलं, "भावोजी, चला आता. सहाला यादी बंद. हरायचं तर निदान वेळेवर हरू."

वाळूच्या उंचवट्यांमधून एक नाली वाहत होती, वरचं पाणी खोलात उतरत होतं. तिकडे बोट करून ते म्हणाले, "ही एक राहिलीय. पाणी उतरताना बारीक मासे इथूनच बाहेर येतात. मोठा असेल तर तोंड इकडे करून पडला असेल."

"आणि नसेल तर?"

"नसेल तर आपण घरी जाऊ."

त्यांनी फेकली. उचल, उचल, सोड. थांबायची वेळच आली नाही. काठी अशी वाकली की टोक पाण्याला टेकलं आणि रीळ किंचाळायला लागलं.

"लाकूड अडकलं असेल," मी म्हटलं.

लाकूड खोल पाण्याकडे चाललं होतं, भावोजींना कयाकसकट ओढत. त्यांनी दोरी सैल सोडली, परत घेतली, परत सोडली. ओठ आत ओढलेले, चष्म्यावर पाणी. पितळेवर शेवटचं अक्षर उतरवताना त्यांचं तोंड असंच होतं, एवढं मला माहीत होतं. पाच मिनिटं गेली असतील, दहा असतील. मग कयाकशेजारी पाण्यात एक रुंद, तपकिरी पाठ वर आली, आणि माझ्या तोंडून आईची आठवण निघाली.

त्यांनी जाळी खाली घातली. मासा वर घेतला. आधी चटई पाण्याने भिजवली, मग मांडीवर पसरली, मग तिच्यावर मासा. तोंड फळीला टेकवलं, शेपटी सरळ केली. वाकून वाचलं. परत वाचलं.

"तू वाच," म्हणाले.

मी माझी कयाक त्यांच्या कयाकला धरून जवळ आणली आणि वाचलं. चौऱ्याहत्तर. शेपटी त्या रेघेच्या जरा पुढेच होती. चौऱ्याहत्तर, देवाशपथ.

"फोटो," म्हणाले. "लवकर. मादी आहे ही, तिला श्वास नाही."

माझा फोन औषधवाल्याने दिलेल्या पाणी न शिरणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत होता. पिशवी ओली, बोट ओलं, आणि ऊन असं की पडद्यावर काळ्याशिवाय काही दिसत नव्हतं. एका हाताने त्यांची कयाक धरलेली. मी पिशवीवरून बोट दाबलं, नाही झालं, परत दाबलं, इकडे तिकडे दाबलं, मग आवाज आला. एक, दोन, तीन.

"आला?"

"आला, आला. तीन काढले."

"नीट आलाय का बघ एकदा."

"अहो, आला म्हटलं ना! सोडा आता त्या बाईला, घरी वाट बघत असतील तिची."

त्यांनी दोन्ही हातांनी मासा पाण्यात धरला, शेपटीजवळ. हळूहळू पुढे मागे केला. मग त्या शेपटीने एक फटका मारला आणि वाळूचा ढग तेवढा राहिला. भावोजी किती तरी वेळ त्या ढगाकडे बघत होते. मग हसायला लागले. आवाज करून, खांदे हलवून. तेवीस वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलेलं नव्हतं.

परत जाताना पाणी उलटं होतं. मी वल्हं मारत होतो आणि मागे जात होतो. शेवटी त्यांनी त्यांच्या त्या असंख्य दोऱ्यांपैकी एक सोडली, माझ्या कयाकच्या टोकाला बांधली आणि मला ओढत नेलं. पंचावन्न वर्षांचा माणूस, नुकताच तो मासा धरलेला, आणि मागे मी, गाठोड्यासारखा. खरं सांगू? मला त्यांचं कौतुक वाटलं नाही. मला राग आला होता. माझ्या नऊ वर्षांच्या गोष्टी एका माशाने मातीत घातल्या होत्या. उद्या मधल्या खुर्चीला सांगायचं काय? मी त्यांच्या पाठीकडे बघत होतो आणि मासा कसबाने नाही, नशिबाने लागला, असं काही तरी जुळवत होतो.

सहाला वीस मिनिटं असताना आम्ही गळवाल्याच्या दुकानात शिरलो, अंगातून पाणी गळत. गळवाला, डॉक्टरीणबाई आणि आणखी तीन कयाकवाले चहा पीत बसले होते. फळ्यावर दहावी जागा मोकळी, चार भोकं तेवढी.

भावोजी दाराशीच थांबले. सांगायचं काम साक्षीदाराचं. मी म्हटलं, "चौऱ्याहत्तर."

गळवाल्याने चहा खाली ठेवला आणि हसायला लागला. त्याच्या मागोमाग सगळे.

"हसता काय? चौऱ्याहत्तर. मी वाचलाय स्वतः."

"बघा, बघा, तोंड कसं केलंय!" एक जण म्हणाला. "जराही हसत नाही."

"अरे, खरं सांगतोय!"

"मागच्या वर्षी पण खरंच सांगत होतास," गळवाला डोळे पुसत म्हणाला. "चटई उलटी धरली तर भावोजींचा मासा पहिला येतो म्हणून."

"ती गंमत होती."

"आणि पाटी आधी, मासा नंतर? ती काल झाली. कालची गंमत आणि आजचं खरं?"

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. पाटीचं मला माहीत आहे, हे त्यांना तेव्हा कळलं. आणि गावालाही माहीत आहे, हेही.

"फोटो आहे," मी म्हटलं. आवाज चढला होता माझा. "फोटो बघा आणि मग दात काढा."

पिशवी फाडून फोन काढला, फोटो उघडला आणि न बघताच गळवाल्याच्या हातात दिला. त्याने बघितलं. डॉक्टरीणबाईंनी वाकून बघितलं. आणि मग जे हसणं सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही. बाईंनी भिंतीला हात टेकला. "कमाल आहे हो तुमची," त्या म्हणाल्या, "एवढं ठरवून केलंत!"

मी फोन परत घेतला. फोटोत मासा नव्हता. चटई नव्हती. भावोजी नव्हते. फोटोत मी होतो. बोट चुकीच्या खुणेवर पडून कॅमेरा उलटा फिरला होता, आणि तीनही फोटोंत खालून काढलेलं माझं तोंड होतं, मागे नुसतं आकाश. हनुवटी वर, एक भुवई चढलेली, वरचा ओठ डावीकडे मुरडलेला. कुणाच्या तरी ताटात केस निघाल्यावर तो माणूस जसा ताटाकडे बघेल, तसा मी बघत होतो. आणि बघत होतो भावोजींकडे, मांडीवर आयुष्यातला सगळ्यांत मोठा मासा घेऊन बसलेल्या.

मी सांगितलं. कॅमेरा फिरला, ऊन होतं, पिशवी ओली होती. मी ताईची शपथ घेतली. मी टेबलावर हात आपटला. जितका चिडलो तितके ते हसले. मी जीव तोडून खरं बोलत होतो आणि त्यांच्या मते मी इतका रंगात कधीच आलो नव्हतो. कोपऱ्यातला एक जण म्हणाला, "परत एकदा म्हण ना चौऱ्याहत्तर, त्या फोटोतल्या तोंडाने."

भावोजी पुढे आले. "दाखव," म्हणाले. मी फोन दिला. त्यांनी चष्मा शर्टाला पुसला, लावला आणि पाहिलं. घाई न करता, तीनही फोटो. मग फोन मला परत दिला.

"चौऱ्याहत्तर होता," एवढंच गळवाल्याला म्हणाले.

हसणं जरा थांबलं. गळवाला माणूस वाईट नाही. तो म्हणाला, "तुमच्यावर नाही हो माझा अविश्वास. पण नियमाला फोटो लागतो आणि साक्षीदारही. फोटो हा असा. आणि साक्षीदार," त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याला परत हसू फुटलं, "साक्षीदार हा असा."

सहा वाजले. यादी बंद झाली. भावोजी म्हणाले, "चल, कयाक धुवायच्यात, मीठ बसेल."

आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला, हे मी शाळेत घोकलं होतं. नाक माझं आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ताईला त्यांनी काय सांगितलं कोण जाणे. ती मला एक शब्दही बोलली नाही. तिने इस्त्री उभी ठेवली असती तर बरं वाटलं असतं.

बुधवारी मी त्यांच्या दुकानावरून गेलो तेव्हा यंत्र चालू होतं. डॉक्टरीणबाईंचं नाव पाचव्यांदा उतरत होतं, एकाहत्तर सेंटिमीटर. एक अक्षर वाकडं नाही, एक रेघ उथळ नाही. मी दारात उभा राहिलो. "भावोजी, मी परत जाऊन सांगतो गळवाल्याला. एकट्याला गाठून." त्यांनी यंत्र थांबवलं नाही. "राहू दे," म्हणाले. "तो फोटो मात्र मला पाठव. तिन्हींतला स्पष्ट आलेला."

"पुसून टाकला," मी खोटं बोललो.

"नाही पुसलास," म्हणाले. आणि मी पाठवला.

सलूनमध्ये त्या आठवड्यात मधली खुर्ची सारखी भरलेली. जो तो बसला की विचारायचा, "मग, चौऱ्याहत्तरचं काय झालं?" शुक्रवारी एकाने असंच विचारलं आणि मी सवयीने तोंड उघडलं. समोर आरसा होता. बावीस वर्षं मी त्याच्यासमोर उभा आहे, पण बघतो ते खुर्चीतल्या डोक्याकडे. त्या दिवशी वर पाहिलं. भुवई चढत होती. ओठ डावीकडे निघालाच होता. मी गप्प बसलो आणि कात्री चालवली. गिऱ्हाईक म्हणालं, तब्येत बरी नाही का?

पुढच्या सोमवारी ताईचा डबा द्यायला मी भावोजींच्या दुकानात गेलो. आत शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर, जिथे गिऱ्हाइकाची नजर पहिल्यांदा पडते तिथे, मी होतो. वहीच्या पानाएवढा मोठा करून, काचेत, लाकडी चौकटीत. हनुवटी, भुवई, ओठ, सगळं स्पष्ट. खाली पितळेची एक पाटी, चार स्क्रूंनी बसवलेली. "साक्षीदार," आणि त्याखाली, "७४ सें.मी."

अक्षरं देखणी होती. पाटीच्या कोपऱ्याला जराशी खोच होती. ती खोच मी ओळखली. पितळ वाया घालवणारा माणूस नव्हे तो. पाटी उलटी करून तिच्या मागच्या बाजूवर कोरलं होतं, आणि त्यांचं नाव भिंतीकडे तोंड करून आत गेलं होतं.

"भावोजी," मी म्हटलं, "हे काढा. पाया पडतो तुमच्या."

त्यांनी डबा घेतला, झाकण उघडून बघितलं, परत लावलं. तेवढ्यात एक बाई आत आल्या, दाराची पाटी करायला. नवीन दिसत होत्या, कारण त्यांनी भावोजींना फळीवरच्या नावाने हाक मारली, आणि भावोजींनी ओ दिली. मग बाईंची नजर भिंतीकडे गेली, मग माझ्याकडे, मग परत भिंतीकडे.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

"माझा मेहुणा," भावोजी म्हणाले. "मासा याने पाहिलाय."